जुन्या स्पोर्ट्स गाड्यांतील ऑटोमॅटिक गिअर हाताने बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागातून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ‘जुनी गाडी’ म्हणजे येथे साधारण १९६७ ते २०१० या काळातली गाडी समजावी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिव्हरने किंवा स्टिअरिंगवरच्या बटणाने गिअर बदलता येतो, म्हणजे ही गाडी मॅन्युअलच झाली ना?

नाही. क्लचचे पेडल असलेल्या गाडीत तुमचा हात आणि गिअर यांच्यामध्ये फक्त लोखंडी रॉड किंवा केबल असते. तुम्ही चुकीचा गिअर टाकला तर तोही पडतो आणि त्याचे परिणाम इंजिन भोगते. येथे विचार करत असलेल्या गाड्यांमध्ये हात आणि गिअर यांच्या मध्ये एक संगणक बसलेला असतो. तुमचे बटण दाबणे हा त्याच्याकडे केलेला अर्ज आहे. इंजिनचा वेग, गाडीचा वेग आणि काही गाड्यांत ऑइलचे तापमान पाहून तो अर्ज मंजूर, नामंजूर किंवा काही क्षण प्रलंबित ठेवतो. या एका गोष्टीचा उलगडा झाला की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. अपवाद एकच, आणि तो सर्वांत जुना आहे. त्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

२. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत असे किती प्रकार सापडतात?

बाहेरून बहुतेक सारखेच दिसतात, कारण लिव्हरशेजारी किंवा स्टिअरिंगवर अधिक-उणेच्या खुणा असतात. आत मात्र (प्रश्न १४ मधला अपवाद सोडून) चार निरनिराळी यंत्रे आहेत, आणि गाडी चालवणे, तिची देखभाल करणे व ती विकत घेणे हे सर्व त्यांवर अवलंबून असते.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये ऑइलने भरलेला बंद गोळा असतो, ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे जाते आणि पुढे प्लॅनेटरी गिअरचे संच असतात. यालाच हाताने बदलण्याची सोय जोडून पोर्शेने १९९० च्या मॉडेलपासून ९११ मध्ये, म्हणजे ९६४ या पिढीत, ‘टिपट्रॉनिक’ या नावाने चार गिअरचा बॉक्स दिला. तो जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा होता. गाडी वळणावर झुकलेली असताना गिअर मध्येच वर जाऊ नये म्हणून आडव्या दिशेचा जोर मोजणारा सेन्सरही त्या गाडीत होता. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पुढे बॉक्स्टर आणि ९११ च्या ९९६ या पिढीत पाच गिअर आले. ९९६ टर्बोत तर मर्सिडीजचा पाच गिअरचा बॉक्स बसवला गेला, ज्याला मिस्त्री मंडळी ‘७२२.६’ या आकड्याने ओळखतात. बीएमडब्ल्यूचे स्टेपट्रॉनिक, क्रायस्लरचे ऑटोस्टिक आणि मित्सुबिशीच्या एफटीओतले इन्व्हेक्स-२ ही सगळी याच घराण्यातली.

दुसरा प्रकार एक क्लच असलेल्या स्वयंचलित मॅन्युअलचा. येथे गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर सरकवण्याचे काम हायड्रॉलिक पंप व पिस्टन करतात. १९८९ साली फेरारीच्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीने ही पद्धत शर्यतीत आणली आणि नायजेल मॅन्सेलने त्याच वर्षीची ब्राझीलची पहिली शर्यत तिच्यावर जिंकली. रस्त्यावरच्या फेरारीत ती १९९७ मध्ये एफ३५५ एफ१ मधून आली. बीएमडब्ल्यूच्या एम३ मधले एसएमजी आणि अल्फा रोमिओचे सेलेस्पीड याच प्रकारात मोडतात.

तिसरा प्रकार दोन क्लचचा. एका क्लचवर विषम आणि दुसऱ्यावर सम क्रमांकाचे गिअर असतात, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार राहतो. पोर्शेने ही पद्धत १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर आजमावली. सर्वसामान्य ग्राहकाला मात्र ती प्रथम २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधल्या डीएसजीने मिळाली. पोर्शेच्या ९११ मध्ये ती पीडीके या नावाने २००८ च्या सुमारास आली.

चौथा प्रकार सीव्हीटीचा. त्यात खरे गिअर नसतातच, संगणक पट्टा ठरावीक जागी थांबवून गिअर असल्याचा भास निर्माण करतो. स्पोर्ट्स गाड्यांत तो क्वचितच आढळतो, म्हणून येथे त्याचा अधिक विचार केलेला नाही.

३. माझ्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे, हे बॉनेट न उघडता कसे ओळखावे?

आधी लिव्हरवर ‘पी’ (पार्क) आहे का ते पाहा. एक क्लचच्या बहुतेक गाड्यांत ‘पी’ नसतो. त्या गिअरमध्ये ठेवूनच उभ्या करायच्या असतात. ‘पी’ असेल, तर सपाट रस्त्यावर ब्रेक हळूच सोडून पाहा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी लोण्यासारखी, एकसलग सरकू लागते. दोन क्लचची गाडीही सरकते, पण सुरुवातीला क्लच घासल्याची बारीक थरथर सीटमधून जाणवते. तरीही शंका राहिली तर चॅसिस नंबरवरून अधिकृत पार्ट्सच्या यादीत गिअरबॉक्सचा कोड मिळतो आणि तोच अंतिम समजावा. विकणाऱ्याच्या ‘सगळे टिपट्रॉनिकच असते हो’ या वाक्यावर विसंबू नये. ‘टिपट्रॉनिक’ हे पोर्शेचे व्यापारी नाव आहे आणि आपल्याकडे ते सरसकट कशालाही चिकटवले जाते.

४. लिव्हर पुढे ढकलल्यावर गिअर वाढतो की उतरतो?

हे गाडीगणिक बदलते, आणि दोन गाड्या वापरणाऱ्याचा गोंधळ येथेच होतो. पोर्शेच्या जुन्या टिपट्रॉनिकमध्ये पुढे म्हणजे वाढ आणि मागे म्हणजे उतार. बीएमडब्ल्यूच्या एसएमजीत आणि माझ्दात बरोबर उलटे : मागे ओढल्यावर वाढ. मर्सिडीजच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत लिव्हर पुढे-मागे जातच नाही. ‘डी’वर (ड्राइव्ह) असताना डावीकडे टिचकी मारली की गिअर उतरतो आणि उजवीकडे मारली की वाढतो. १९९५ च्या सुमारास आलेल्या होंडा एनएसएक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये तर ही सोय स्टिअरिंगखालच्या छोट्या दांडीवर होती. शर्यतीच्या दृष्टीने मागे ओढून वाढवण्याची पद्धत अधिक स्वाभाविक आहे, कारण जोरात वेग घेताना शरीर मागेच रेलते. पण सवय ज्याची त्याला गोड.

५. मी दुसरा गिअर मागतो, पण गाडी तो देत नाही. गिअरबॉक्स बिघडला आहे का?

बहुतेक वेळा नाही. मागितलेल्या गिअरवर इंजिनचे आरपीएम लाल रेषेपलीकडे जाणार असतील तर संगणक नकार देतो, आणि तो द्यायलाच हवा. वेग थोडा उतरल्यावर तीच मागणी पुन्हा केल्यास ती मान्य होते. काही गाड्या नाकारलेली मागणी लक्षात ठेवत नाहीत, त्यामुळे बटण पुन्हा दाबावे लागते. घाईघाईने चार वेळा दाबल्यास वेग उतरताच दोन गिअर एकापाठोपाठ उतरून हिसका बसू शकतो.

उलट बाजूनेही नियम सारखे नाहीत. मॅन्युअल मोडमध्ये असूनही लाल रेषेवर स्वतःहून गिअर वाढवणाऱ्या गाड्या आहेत, आणि बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ च्या एसएमजीसारख्या काही गाड्या एस मोडमध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या मोडमध्ये, तसे अजिबात करत नाहीत. इंजिन लिमिटरवर, म्हणजे आरपीएमला घातलेल्या मर्यादेवर, अडखळत राहते. मात्र गाडी थांबवताना बहुतेक सर्वच प्रकार आपणहून खालच्या गिअरवर येतात, त्यामुळे चौथ्यातच उभी राहून इंजिन बंद पडेल ही भीती बाळगू नये. गाडी कोणत्याच वेगाला एकच गिअर सोडत नसेल तर तो वेगळा प्रकार आहे. प्रश्न १२ पाहावा.

६. गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा का?

टॉर्क कन्व्हर्टर आणि दोन क्लच यांत गरज नाही. पाय उचलल्याने उलट संगणकाचा अंदाज चुकतो. एक क्लचच्या जुन्या गाड्यांत मात्र गिअर वाढवतानाच्या क्षणी पाय किंचित हलका केला की मानेला बसणारा झटका पुष्कळ कमी होतो. पूर्ण जोरात, लाल रेषेजवळ बदलायचे असेल तेव्हा पाय तसाच ठेवावा, कारण यंत्र त्यासाठीच बनवलेले आहे. टिळकवाडीच्या गर्दीत अर्ध्या पेडलवर बदलताना ते सर्वांत जास्त अडखळते.

७. चोर्ला घाट उतरताना मॅन्युअल मोड वापरावा का, आणि कसा?

अवश्य वापरावा. माझ्या मते आपल्या भागात या सोयीचा खरा उपयोग सपाट महामार्गावर नसून येथेच आहे. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याहून केरीकडे उतरताना, किंवा आंबोलीहून दाणोलीकडे जाताना, ‘डी’मध्ये ठेवलेली जुनी ऑटोमॅटिक गाडी उताराला हलकी झाली असे समजून गिअर वाढवत नेते. मग सगळा भार ब्रेकवर पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी ब्रेकचा वास येऊ लागतो, पेडल मऊ पडते, आणि पावसाळ्यात धुके असेल तर पुढचे वळण दिसण्याआधीच ही स्थिती आलेली असते.

पद्धत अशी ठेवावी : उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोड घ्यावा आणि ज्या गिअरमध्ये ब्रेक न दाबता गाडीचा वेग फारसा वाढत नाही तो गिअर शोधावा. पाच गिअरच्या गाडीत तो बहुधा दुसरा किंवा तिसरा असतो. आरपीएम तीन-साडेतीन हजारांच्या आसपास राहिले तर घाबरू नये. इंजिनात त्या वेळी पेट्रोल जवळजवळ जात नाही, बंद थ्रॉटलमधून हवा ओढण्याच्या कष्टामुळे ते गाडीला मागे धरत असते. वळणाच्या मध्यात गिअर उतरवू नये. ओल्या रस्त्यावर मागची चाके एकदम आवळली जातात आणि पोर्शेसारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीचे शेपूट फिरण्याचा धोका असतो. वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेक, मग गिअर, मग वळण, हा क्रम सोडू नये.

एक बारकावा ध्यानात ठेवावा. अनेक जुन्या टॉर्क कन्व्हर्टर बॉक्समध्ये ‘डी’तला पहिला गिअर एकमार्गी क्लचवर चालतो, म्हणजे उताराला तो मोकळा फिरतो आणि इंजिन गाडीला धरत नाही. तोच गिअर हाताने निवडला की आतला आणखी एक क्लच किंवा बँड आवळला जातो आणि पकड मिळते. खालच्या गिअरमध्ये कन्व्हर्टर सहसा लॉक होत नसल्याने, म्हणजे इंजिन आणि गिअर थेट जोडले जात नसल्याने, ही पकड मॅन्युअल गाडीपेक्षा थोडी सैल वाटते. तो बिघाड समजू नये.

८. तवंदी किंवा वंटमुरी घाटात उसाच्या ट्रॉलीमागे रांगेत अडकल्यावर काय करावे?

गळीत हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात हे रोजचेच आहे. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर पहिला किंवा दुसरा गिअर हाताने धरून ठेवावा, म्हणजे ती वर-खाली गिअर शोधत बसणार नाही. चढावर संथ गतीने रांगताना कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळले जाऊन तापते, म्हणून अधूनमधून अंतर सोडून एकदम थोडे पुढे जावे आणि पुन्हा थांबावे. इंचाइंचाने सरकत राहण्यापेक्षा हे यंत्राला सोसते.

एक क्लचची गाडी असेल तर हीच सूचना अधिक कडक समजावी. तिच्यात इंचभर सरकणे म्हणजे क्लच घासणेच, आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे हा क्लच जाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ब्रेकने थांबावे, न्यूट्रल करावे, पुढे दोन गाड्यांची जागा झाल्यावर निघावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत.

९. रेल्वे गेटवर किंवा सिग्नलला न्यूट्रल करावे का?

टिळकवाडीच्या गेटसारखा थांबा काही मिनिटांचा असेल तर सर्वच प्रकारांत न्यूट्रल आणि हँडब्रेक योग्य. अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ‘डी’वर ब्रेक दाबून ठेवला तरी चालते. फेरारीच्या पॅडलच्या (स्टिअरिंगमागे ओढायच्या पट्ट्यांच्या) गाडीत दोन्ही पॅडल एकदम ओढले की न्यूट्रल मिळतो.

१०. सतत मॅन्युअल मोड वापरल्याने गिअरबॉक्स लवकर झिजतो का? मायलेज कमी होते का?

झीज मोडने होत नाही, उष्णतेने आणि जुन्या ऑइलने होते. मायलेज बहुधा थोडे घटते, कारण आपण गिअर संगणकापेक्षा उशिरा वाढवतो. स्पोर्ट्स गाडी घेणाऱ्याने याची चिंता करू नये.

११. कंपनीच्या पुस्तकात ‘ऑइल आयुष्यभर बदलू नये’ असे लिहिले आहे. मग बदलावे का?

बदलावे. त्या काळातल्या अनेक कंपन्यांनी असे छापले हे खरे, पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा सुमारे आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. आपल्याकडच्या गाड्या किलोमीटरने कमी आणि वर्षांनी म्हाताऱ्या असतात, त्यामुळे येथे वर्षांचा नियम लावावा. गोल्फ आर३२ च्या काळातल्या सहा गिअरच्या ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या डीएसजीला हा अवधी ६०,००० किलोमीटर आहे.

कोणते ऑइल, याला उत्तर एकच : बॉक्सच्या कोडला जे नेमून दिले आहे तेच. लाल रंगाचे सर्व ऑइल सारखे नसते. आतल्या क्लच प्लेटची पकड ऑइलमधल्या मिश्रणावर ठरते आणि चुकीचे ऑइल टाकल्यावर गाडी लगेच बंद पडत नाही, काही महिन्यांनी गिअर बदलताना थरथरू लागते. तोवर दोष कोणाचा हे कोणालाच आठवत नाही. एक क्लचच्या गाडीत गिअरबॉक्सचे ऑइल आणि हायड्रॉलिक पंपाचे ऑइल ही दोन निराळी असतात, हेही मिस्त्रीला आधीच सांगावे.

ऑइल किती भरायचे हा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण अनेक बॉक्सना मोजपट्टीच नसते. मर्सिडीजच्या ७२२.६ ला नळी असते, पण आत पट्टी नसते. ती कारखान्याचे अवजार म्हणून वेगळी मिळते. झेडएफच्या पाच गिअरच्या अनेक बॉक्सना बाजूला भरण्याचे बूच असते. गाडी चारही बाजूंनी समतल उचलायची, इंजिन चालू ठेवायचे, ब्रेक दाबून सर्व गिअर एकदा फिरवायचे, आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) ऑइलचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच बूच उघडायचे. त्या वेळी भोकाच्या कडेवरून बारीक धार ओघळली पाहिजे. ती भसाभस आली तर जास्त, काहीच आली नाही तर कमी. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नये. ऑइल पाहता पाहता मर्यादेबाहेर तापते आणि फुगलेल्या ऑइलची पातळी खोटी दिसते. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावे.

१२. गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली, बटणे चालत नाहीत आणि दिवा लागला. आता पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

आधी बॅटरी तपासावी, मग मोठ्या खर्चाची भाषा करावी. संगणकाला काही विपरीत जाणवले की तो स्वतःला आवरून एका गिअरवर थांबतो, म्हणजे गाडी निदान घरी पोहोचावी. ७२२.६ मध्ये इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर बहुधा फक्त दुसरा आणि रिव्हर्स मिळतो. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या हौशी गाड्यांत कमी व्होल्टेज हे याचे फार मोठे कारण असते.

बॅटरी ठीक असेल तर ७२२.६ च्या उजव्या बाजूचा गोल वायरिंगचा प्लग पाहावा. खालून दिवा धरून त्या प्लगवर बोट फिरवले आणि बोट तेलकट आले, तर आतल्या छोट्या रबरी रिंगांतून ऑइल झिरपत आहे. प्लग फिरवून बाहेर ओढला की पितळी पिनांच्या भोवती लालसर थेंब जमलेले दिसतात. ऑइल तेथेच थांबत नाही. तारांच्या आतून हळूहळू वर चढत संगणकाच्या डब्यापर्यंत पोहोचते. भाग किरकोळ किमतीचा आहे, पण दुर्लक्ष केले तर पुढचा खर्च किरकोळ राहत नाही. वेगाचे सेन्सर ज्या पट्टीवर असतात ती पट्टी खराब होणे हेही याच बॉक्सचे नेहमीचे दुखणे आहे आणि तेही बॉक्स न उतरवता, खालचा चेंबर उघडून दुरुस्त होते.

१३. पोलो जीटी टीएसआय घ्यावी का? तीही आता जुनीच झाली आहे.

तिला स्पोर्ट्स गाडी म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण प्रश्न इतक्या वेळा येतो की टाळता येत नाही. २०१३ मध्ये आपल्याकडे आलेल्या या गाडीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. प्रश्न ११ मधला ६०,००० किलोमीटरचा नियम त्याला लागू नाही. तो ओल्या क्लचच्या बॉक्सचा आहे. कोरड्या क्लचच्या या बॉक्समध्ये मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि संगणक यांचा एकत्र ठोकळा, जगभर त्रासदायक ठरला. बाजारगर्दीत रोज चालवायची असेल तर माझा कल नकाराकडे आहे. आठवड्यातून एकदा आंबोलीला जायचे असेल, तर दुरुस्तीची बिले पाहून घ्यावी.

१४. १९६८-७० च्या पोर्शेत लिव्हरला नुसता हात लावला तरी इंजिनचा आवाज चढतो. हे काय आहे?

ही स्पोर्टोमॅटिक आहे, प्रश्न १ मध्ये म्हटलेला अपवाद. १९६७ मध्ये जाहीर झालेल्या या पद्धतीत संगणक नाहीच. टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि त्यामागे साधा क्लचही आहे, फक्त पेडल नाही. गिअरच्या लिव्हरमध्ये एक स्विच आहे. लिव्हर जरासा हलला की व्हॅक्यूमच्या जोरावर क्लच सुटतो. म्हणून लिव्हरवर हात टेकवून गाडी चालवण्याची आपली सवय या गाडीत घातक आहे : क्लच अर्धवट सुटत राहतो आणि झिजतो. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडायचा, लिव्हर सरकवायचा, हात काढून घ्यायचा. कन्व्हर्टरला ऑइल इंजिनच्याच टाकीतून मिळते, त्यामुळे इंजिन ऑइल निवडताना याचा विचार करावा. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली की क्लच सुटेनासा होतो. तपासणी तेथूनच सुरू करावी.

१५. वापरलेली एफ१ किंवा एसएमजी गाडी घेताना काय पाहावे?

क्लच किती उरला आहे हे स्कॅनरवर वाचता येते आणि ते वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये. त्यानंतर पंपाचा आवाज ऐकावा. दार उघडताच किंवा चावी फिरवताच पंप काही सेकंद घुमतो आणि थांबतो. तो दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर थकला आहे किंवा कोठेतरी गळती आहे. चढावर रिव्हर्समध्ये गाडी नेऊन पाहावी, कारण थकलेला क्लच तेथे लगेच उघडा पडतो. कागदपत्रांत क्लच बदलल्याचे बिल नसेल तर किंमत ठरवताना नवा क्लच आपल्यालाच घालायचा आहे असे धरून चालावे.

१६. याची दुरुस्ती बेळगावात होते का, की पुणे-बेंगळुरूलाच न्यावी लागते?

थोडी येथे, थोडी तिकडे. स्कॅनिंग, कारखान्याच्या पद्धतीने जुळवणी आणि क्लचचे सेटिंग यांसाठी मोठ्या शहराला पर्याय नाही. पण उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) माणसांना कमी लेखू नये. ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) म्हणजे हायड्रॉलिकचे काम, आणि हायड्रॉलिक हा तर बेळगावचा पोटापाण्याचा उद्योग आहे. स्पूल व्हॉल्व्हमध्ये किती फट चालते, बोअरला ओरखडा पडला तर दाब कसा उतरतो, हे तेथल्या जाणत्या कारागिराला समजावून सांगावे लागत नाही. बुश, सीलची बैठक, पंपाचे फेस सपाट करणे ही कामे येथे उत्तम होतात. कन्व्हर्टर कापून पुन्हा वेल्ड करणे लेथवर जमते, पण नंतर तो बॅलन्स झालाच पाहिजे, अन्यथा पुढचा सील काही दिवसांत जातो.

एक अट मात्र आग्रहाने घालावी : व्हॉल्व्ह बॉडी कापसाच्या वेस्टने पुसू देऊ नये. एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी गिअर अडतो. ब्रेक क्लीनर आणि हवेचा पाइप एवढेच वापरावे.

१७. बॅटरी उतरल्यावर धक्का मारून चालू होईल का? बंद पडल्यास दोरीने ओढावी का?

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्क्याने चालू होत नाही, कारण क्लच आवळणारा दाब इंजिनने फिरणाऱ्या पंपातून येतो आणि इंजिनच बंद असते. त्याच कारणाने दोरीने लांब ओढल्यास आतले भाग ऑइलशिवाय कोरडे फिरतात. चारही चाके उचलणारा फ्लॅटबेड बोलवावा. लोंढा-अनमोड बाजूला बंद पडल्यास तो यायला वेळ लागतो, तरीही थांबावे.

१८. कोल्हापूर किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी बेळगावात वापरली तर चालते का? परवाना वेगळा लागतो का?

परवान्यात फरक नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना दोन्ही प्रकारांना चालतो. नोंदणीचे मात्र नियम आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि कर्नाटकाचा कर भरावा लागतो. निपाणीत राहून कागलला नोकरी करणाऱ्याची किंवा चंदगडहून रोज बेळगावला येणाऱ्याची अडचण अशी की गाडी नेमकी कोठे ‘ठेवली’ आहे हे त्यालाच दाखवावे लागते. टोलच्या पावत्या आणि पेट्रोलची बिले जपून ठेवावीत. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि आयात केलेल्या गाडीला त्याचे शुल्क बरेच जास्त पडते. जुनी गाडी घेताना हा खर्च आधी विचारावा.

१९. ऑटोमॅटिक काढून त्याच गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला तर?

यंत्राच्या दृष्टीने शक्य आहे. एक क्लचच्या गाड्यांत तर ते तुलनेने सोपे, कारण मूळ बॉक्स मॅन्युअलच असतो. पण पेडल, क्लच सिलिंडर, लिव्हर आणि इंजिनचा संगणक हे सर्व जुळवावे लागते. शिवाय नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत आणू शकतो, म्हणून आधी आरटीओत लेखी विचारावे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हा उपद्व्याप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशात मुळातच क्लचचे पेडल असलेली गाडी शोधावी.

२०. ‘पी’ नसलेली गाडी उतारावर कशी उभी करावी?

इंजिन चालू असतानाच, ब्रेक दाबून, पहिला किंवा रिव्हर्स टाकावा. हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि मगच चावी बंद करावी. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद केल्यास आणि नंतर बॅटरी उतरल्यास गिअर टाकता येत नाही, आणि गाडी फक्त हँडब्रेकवर राहते. ‘पी’ असलेल्या गाडीतही आधी हँडब्रेक ओढावा, ब्रेक सोडून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा आणि त्यानंतर लिव्हर ‘पी’वर न्यावा. उलट क्रम केला तर सगळे वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येते आणि निघताना लिव्हर ‘खट्’ आवाज करून सुटतो.